ठोकळ्यांतला रेडिओ

टोकियोतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात परवा एक पेटी हाती लागली: गाक्केनची ‘डेन्शी ब्लॉक ईएक्स-१५०’. लेकीने विचारले, ‘‘बाबा, हे काय?’’ उत्तर देताना मला थेट महायुद्धानंतरच्या काळात जावे लागले.

तेव्हा आकिहाबारात रेडिओच्या सुट्या भागांचे ठेले उभे राहिले. तयार रेडिओ महाग, म्हणून भाग आणून घरीच जोडायचे. शाळकरी पोरेही त्यात रमत. पण सोल्डरिंगचे चटके बसायचे आणि एक सांधा कच्चा राहिला की सगळा खटाटोप पाण्यात. पुण्यात तापकीर गल्लीतून आणलेले ट्रान्झिस्टर मीही असेच जाळलेले आहेत. वडिलांनी पुन्हा पैसे दिले म्हणून मी इंजिनिअर झालो. सगळ्यांना ते कुठून मिळणार?

१९६५ साली जपानमध्ये यावर तोडगा निघाला. प्लास्टिकच्या एकेका ठोकळ्यात एकेक भाग, बाजूंना धातूचे संपर्क आणि वर त्या भागाचे चिन्ह. ठोकळे शेजारी-शेजारी बसवले की मंडल पुरे! चुकले तर उचलून पुन्हा बसवायचे. खरी खुबी पुढेच आहे. एरवी आकृती कागदावर असते आणि समोर तारांचा गुंता. इथे वरून पाहिले की ठोकळ्यांची मांडणी हीच आकृती. त्याच दशकात जर्मनीत ‘लेक्ट्रॉन’चे ठोकळे चुंबकाने जोडले जात, कल्पना भावंडासारखीच.

१९७६ पासून गाक्केनने ईएक्स मालिका विकली. नावातला १५० हा प्रयोगांचा आकडा: रेडिओ, भोंगा, पाण्याची सूचना देणारे यंत्र, असे कितीतरी. उणीवही सांगायला हवी. आवाज वाढवणारा भाग पेटीत तयारच बसवलेला. रेडिओ गाऊ लागतो, पण त्याला गळा कोणी दिला ते मुलाला दिसत नाही. सोय केली की काहीतरी झाकले जातेच.

पुढे हा खेळ बंद पडला. २००२ साली गाक्केनने ईएक्स-१५० पुन्हा काढला, तो मात्र ‘मोठ्यांचे विज्ञान’ या मालिकेत! २०२० पासून इथल्या प्राथमिक शाळांत प्रोग्रॅमिंग सक्तीचे झाले आहे. आमची लेक पडद्यावरचे ठोकळे सराईतपणे सरकवते. माझे पोट सॉफ्टवेअरवरच भरते, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करू? पण पडद्यामागे वीज वाहते, हे तिला ठाऊकच नव्हते.

त्या रात्री तिने भोंगा जोडला. आवाज नाही. माझा हात पुढे गेला. तिने तो बाजूला सारला. बोटाने वाट चाचपत ती उलट्या बसलेल्या ठोकळ्यापाशी थांबली, तो फिरवला आणि भोंगा असा किंचाळला की शेजाऱ्यांची माफी मागावी लागली.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला पेटी आणतो. मुलांना घेऊन या. हात मात्र मागे बांधून बसायचे, आपण मोठ्यांनी!