आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरचा वेग
बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने 1742 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ या ग्रंथात गोळीचा वेग मोजण्याची जी रीत मांडली, तिच्यापासून या मोजमापाचा शास्त्रीय इतिहास सुरू होतो. तिकाटण्याला टांगलेल्या जड दोलकावर गोळी झाडायची, तो किती मागे झुलला ते फितीवर पाहायचे आणि दोहोंच्या वजनांवरून वेग काढायचा, अशी ही पद्धत होती. तिच्यामुळे मस्केटच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे 1,700 फूट ठरला आणि हवेचा रोध तोवरच्या समजुतीहून कितीतरी मोठा असल्याचे सिद्ध झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांच्या कामासाठी हिंदुस्थानात आलेला हा विद्वान 1751 मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला. पुढे 1860च्या दशकात बेल्जियमच्या तोफखान्यातील अधिकारी ल बुलांजे याने विद्युतचुंबकांनी धरून ठेवलेल्या दांड्यांचे कालमापक यंत्र बनवले, आणि दोन ठिकाणच्या तारा तोडत जाणाऱ्या गोळीला लागलेला वेळ दांडी किती अंतर खाली पडली यावरून थेट कळू लागला.

अचूक साधन हाती आले, तरी मोजमाप कोणत्या नळीतून घ्यावे हा प्रश्न उरलाच, आणि तो सर्वांत ठळकपणे आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरने पुढे आणला. स्मिथ अँड वेसन कंपनीचे .38 स्पेशल हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आले. 1927 मध्ये कोल्ट कंपनीने त्याच काडतुसासाठी दोन इंची नळीचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ काढले आणि 1950 मध्ये स्मिथ अँड वेसनचे पाच गोळ्यांचे ‘चीफ्स स्पेशल’ आले. कोटाखाली किंवा खिशात सहज लपणारी ही शस्त्रे साध्या वेशातील पोलिसांमध्ये रुळली, पण काडतूस मात्र लांब नळीच्या हिशेबानेच घडवलेले होते. दारू जळून निर्माण होणारा वायू गोळी नळीत असेपर्यंतच तिला पुढे ढकलत असतो, त्यामुळे नळी संपली की ढकलणेही संपते आणि उरलेली शक्ती तोंडाशी ज्वाळा व आवाज यांत वाया जाते. त्यात रिव्हॉल्व्हरच्या रचनेचा आणखी एक भाग आहे: गोळ्या धरणारे फिरते सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये इंचाच्या काही सहस्रांश भागांएवढी फट ठेवावी लागते, तिच्यातूनही वायू निसटतो, आणि ही फट प्रत्येक शस्त्रात थोडी वेगळी असल्याने एकाच लांबीच्या दोन नळ्यांतून एकच काडतूस वेगवेगळा वेग देते. क्वचित आखूड नळीचे शस्त्र लांब नळीच्या शस्त्रालाही मागे टाकते. शिवाय .38 स्पेशलची पितळी नळकांडी काळ्या दारूच्या काळातील मापाची, म्हणजे ऐसपैस होती. तिच्यात धूरहीन दारूची थोडकी मात्रा पुढे किंवा मागे सरकली, तरी वेगात फरक पडे.

कंपन्यांच्या सूचिपत्रांत मात्र 158 ग्रेन वजनाच्या, म्हणजे सुमारे 10 ग्रॅमच्या गोळीपुढे सेकंदाला सुमारे 850 फूट हाच आकडा दीर्घकाळ छापला जात होता. तो लांब व बिनफटीच्या चाचणीनळीतून घेतलेला असल्याने तत्त्वतः खोटा नव्हता, परंतु दोन इंची नळीतून तोच वेग 700 फुटांच्या आसपास उतरत असल्यामुळे विकत घेणाऱ्याला त्यातून खरे काहीच कळत नव्हते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने एवढ्या घटीत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा नाहीशी होते. ज्याच्या जिवाची भिस्त त्या शस्त्रावर होती, त्याला ही माहिती मिळायलाच हवी होती.

हे चित्र बदलले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेव्हा प्रकाशसंवेदी पडद्यांमधून गोळीचा वेळ टिपणारे इलेक्ट्रॉनिक कालमापक सामान्य नेमबाजांच्या आवाक्यात आले आणि छापील आकडे घरच्या मैदानावर तपासता येऊ लागले. त्यानंतर अमेरिकेतील शस्त्र व काडतूस उत्पादकांच्या ‘सामी’ या मानकसंस्थेच्या पद्धतीत सिलिंडरच्या फटीची नक्कल करणारी चार इंची चाचणीनळी आली, आणि त्याच 158 ग्रेनच्या गोळीचा छापील वेग सुमारे 755 फुटांवर उतरला. चार इंच म्हणजे अद्याप दोन इंच नव्हेच; मात्र अलीकडे खास आखूड नळीसाठी बनवलेल्या काडतुसांच्या खोक्यांवर दोन इंची नळीतूनच मोजलेला वेग दिला जातो आणि त्यांतील दारूही लहान नळीत लवकर जळून संपेल अशी निवडलेली असते.