वर्गणी कोणी ठरवायची?

मार्च १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे आपल्या यूजीसीने, ‘इन्फ्लिबनेट’ नावाचा एक प्रकल्प सुरू केला. भारतातल्या विद्यापीठांची ग्रंथालयं एकमेकांना संगणकाने जोडायची, असा त्याचा हेतू. कार्यालय अहमदाबादला, गुजरात विद्यापीठाच्या आवारात. पण प्रकल्प कागदोपत्री होता पुण्याच्या ‘आयुका’च्या पंखाखाली! आयुका म्हणजे डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ पासून उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था. यूजीसीचे तेव्हाचे अध्यक्ष प्रा. यशपाल यांची कल्पना अशी, की महागडी साधनं प्रत्येक विद्यापीठाने वेगवेगळी घेण्यापेक्षा सगळ्यांसाठी मिळून एक केंद्र काढावं. आयुका त्याच कल्पनेतून आली आणि इन्फ्लिबनेटही. १९९६ साली इन्फ्लिबनेट स्वतंत्र झालं. आकाशातले तारे मोजणाऱ्या संस्थेने ग्रंथालयांचं पोर पाच वर्षं सांभाळलं, ही गोष्ट मला फार आवडते.

आता त्याच वर्षीचा जुलै महिना आठवा. देशाची गंगाजळी आटली होती, सोनं गहाण टाकलं होतं आणि दोन-तीन दिवसांत रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर २१ रुपयांवरून २६ च्या आसपास गेला. परदेशी संशोधन-नियतकालिकांची, म्हणजे जर्नल्सची, वर्गणी डॉलर आणि पौंडात भरायची असते. ग्रंथालयाचं अंदाजपत्रक मात्र रुपयात. शिवाय प्रकाशक दरवर्षी किंमत वाढवत होतेच. परिणाम सरळ होता. ग्रंथपाल यादी घेऊन बसायचे आणि एकेका नावावर काट मारायचे. एकदा वर्गणी थांबली की कपाटातली अंकांची रांग तिथेच तुटते. जुन्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जाऊन पाहा, बांधीव खंडांची ओळ नव्वदच्या दशकात कुठे तरी अचानक संपलेली दिसते.

गंमत म्हणजे एकाच शहरात तीन-तीन संस्था तेच जर्नल विकत घेत होत्या आणि चौथं कुणाकडेच नव्हतं. यावर पहिला शहाणा तोडगा काढला तो सरकारने नव्हे, ग्रंथपालांनी. १९८१ साली खगोलशास्त्राच्या संस्थांमधले ग्रंथपाल एकत्र आले आणि त्यांनी ‘फोरसा’ नावाचं मंडळ काढलं. आपल्याकडे काय आहे, तुमच्याकडे काय आहे याची यादी करायची आणि ज्याला हवा त्याला लेखाची झेरॉक्स पाठवायची, असा साधा व्यवहार. पुढे आयुकाही त्यात आली. इलेक्ट्रॉनिक जर्नल्स आल्यावर याच मंडळींनी प्रकाशकांशी एकत्र बोलणी केली. संस्था मोजक्या, विषय एक, सगळे एकमेकांना नावाने ओळखणारे. आपल्या गावातल्या भिशीसारखंच की! भिशीत लेखापरीक्षक लागत नाही, कारण सगळ्यांचं सगळ्यांवर लक्ष असतं.

पण भिशी शंभर घरांची करायची म्हटली की प्रश्न येतात. पैसे कोणी किती घालायचे? आणि वस्तू कोणती घ्यायची हे कोण ठरवणार?

हा प्रश्न २००२-०३ मध्ये भारतापुढे आला. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे प्रा. एन. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली एक तज्ज्ञ गट नेमला. त्यांच्या शिफारशीवरून २००३ मध्ये ‘इन्डेस्ट’ हा संघ झाला, मुख्यालय दिल्ली आयआयटीत. आयआयटी, आयआयएम, एनआयटी अशा केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या ३८ संस्था त्यात मुख्य सभासद होत्या. त्यांची वर्गणी मंत्रालय भरणार. काही सरकारी आणि अनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचा खर्च एआयसीटीई उचलणार. आणि बाकीच्या कॉलेजांनी? त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरून यायचं, दर मात्र संघाने ठरवलेला सवलतीचा. त्याच डिसेंबरात राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते यूजीसी-इन्फोनेट या दुसऱ्या संघाचंही उद्घाटन झालं. तो विद्यापीठांसाठी, आणि काम बघणार आपलं इन्फ्लिबनेट. प्रयोगशाळांसाठी सीएसआयआरने वेगळी चूल मांडलीच होती, त्यात पुण्याची एनसीएलही आली. पुढे २००७ मध्ये शेतीसाठी ‘सेरा’ आला. राहुरीसारखी कृषी विद्यापीठं तिकडे. वैद्यकीयचा आणखी निराळा. मंत्रालय तितके संघ! एकच प्रकाशक तेच जर्नल भारत सरकारच्या चार खात्यांना चार किमतींना विकत होता.

या संघांच्या वर सुकाणू समित्या असत. त्यात संस्थांचे संचालक, प्राध्यापक, ग्रंथपाल, मंत्रालयातले अधिकारी. त्यांच्या हाताखाली प्रकाशकांशी घासाघीस करणारे गट. हे काम किती किचकट असेल याची कल्पना मला माझ्या धंद्यामुळे येते. आम्ही सॉफ्टवेअरची लायसन्सं विकत घेतो तेव्हाही हेच असतं. विकणारा कधी एक वस्तू विकत नाही, गठ्ठा विकतो. तुम्हाला हवीत वीस जर्नल्स, तो देतो पाचशे, आणि म्हणतो बघा, प्रत्येकी किती स्वस्त पडलं! समितीवरच्या माणसाला माहीत असावं लागतं की त्या पाचशेतली कोणती खरंच वाचली जातात. २००२ मध्ये ‘काउंटर’ नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, तो यासाठीच. कोणत्या जर्नलमधले लेख किती वेळा उघडले गेले, हे प्रत्येक प्रकाशकाने एकाच पद्धतीने मोजून सांगायचं. त्याआधी प्रकाशक सांगेल ती पूर्वदिशा. आणखी एक मेख होती. छापील अंकाची वर्गणी बंद केली तरी जुने अंक कपाटात राहतात. इलेक्ट्रॉनिक अंकाची बंद केली तर, करारात तसं कलम नसेल तर, जुनंही सगळं जातं. भाड्याचं घर आणि मालकीचं घर एवढा फरक. हे कलम घालून घेणं हे वाटाघाटी करणाऱ्यांचं सर्वात मोठं काम, आणि याचं श्रेय कुणी कधी देत नाही.

तांत्रिक बाजूही थोडी सांगतो, कारण कोण आत आणि कोण बाहेर हे शेवटी तिथेच ठरलं. प्रकाशकाचा संगणक वाचकाला ओळखतो तो आयपी अ‍ॅड्रेसवरून. आयआयटीने आपल्या आवारातल्या आकड्यांची यादी दिली की आत बसलेल्या प्रत्येकाला पासवर्डशिवाय सगळं खुलं. पण तालुक्याच्या कॉलेजात एक ब्रॉडबँड, त्याचा आयपी रोज बदलणारा. म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचं नेटवर्क आहे त्यालाच जर्नल्स! ही अडचण ४ मे २०१० रोजी सुरू झालेल्या ‘एन-लिस्ट’ योजनेने सोडवली. इन्फ्लिबनेटने मध्ये स्वतःचा प्रॉक्सी सर्व्हर ठेवला आणि कॉलेजातल्या विद्यार्थ्याला, शिक्षकाला स्वतंत्र लॉगिन दिलं. प्रकाशकाला दिसतो इन्फ्लिबनेटचा आयपी, मागे बसलेला असतो एखाद्या तालुक्यातला बीएस्सीचा पोरगा. सहा हजारांहून जास्त जर्नल्स आणि जवळजवळ लाखभर पुस्तकं. इतक्या कमी खर्चात इतकं मोठं काम सरकारी खात्यात क्वचितच झालं असेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण एन-लिस्टच्या नियमावलीत एक ओळ होती. अभियांत्रिकी, शेती, वैद्यक, औषधनिर्माण, व्यवस्थापन यांची कॉलेजं यात नाहीत. का, तर त्यांच्यासाठी दुसरे संघ आहेत! मी ज्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या खासगी कॉलेजात शिकलो ते नेमकं या फटीत पडलेलं. एन-लिस्टमध्ये बसत नाही, आणि इन्डेस्टमध्ये स्वतःचे पैसे भरून जायचं तर संस्थेचं मन होत नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आयईईईचे लेख हवे असले की आमच्या वर्गातला एक मित्र पवईला शिकणाऱ्या त्याच्या मावसभावाला शीर्षकांची यादी ई-मेल करायचा. रविवारी रात्री पीडीएफ यायच्या आणि सोमवारी त्या पेनड्राइव्हवरून चाळीस जणांत फिरायच्या. प्रोजेक्ट पार पडले. पण मावसभाऊ नसलेल्या कॉलेजांत काय होत असेल, हे तेव्हाही मनात यायचं. कुठल्याही सुकाणू समितीत आमच्यासारख्या कॉलेजाचा माणूस असता, तर त्याने पहिल्या बैठकीत या ओळीवर बोट ठेवलं असतं.

मी सध्या राहतो त्या कॅनडात याच सुमाराला वेगळा प्रयोग झाला. २००० च्या सुमारास ६४ विद्यापीठांनी मिळून राष्ट्रीय परवान्यांचा प्रकल्प हाती घेतला. पाच कोटी डॉलरच्या खर्चातले दोन कोटी एका केंद्रीय निधीतून आले, बाकीचे विद्यापीठं आणि प्रांतांनी उभे केले. २००४ मध्ये त्यातून सीआरकेएन ही स्थायी संस्था झाली. ओंटारिओ, क्यूबेक, पश्चिमेचे प्रांत आणि अटलांटिक किनारा, अशा प्रत्येक भागातल्या ग्रंथालयांचा आपापला संघ आधीपासून होता, आणि कारभारात या चारही भागांचा आवाज राहील याची काळजी घेतली गेली. टोरोंटोसारखं अवाढव्य विद्यापीठ आणि किनाऱ्यावरचं छोटं विद्यापीठ एका टेबलाशी बसतात. हे वाचलं तेव्हा मला प्रवरानगर आठवलं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला साखर कारखाना उभा केला तो ‘एक सभासद, एक मत’ या पायावर. ऊस पाच एकर असो की पन्नास, मत एकच. (पुढे सहकाराचं काय झालं ते आपण सगळे जाणतो, पण पाया चुकीचा नव्हता.) भारतातल्या ग्रंथालय-संघात पैसा केंद्राचा, त्यामुळे टेबलही केंद्राचं. कॅनडात सभासद स्वतः पैसे घालतात, म्हणून हिशोब विचारतात. याला दुसरी बाजूही आहे. भारतातल्या गरीब विद्यापीठांना स्वतःचे पैसे घालायला सांगितलं असतं तर संघ झालाच नसता.

२०१५ मध्ये इन्डेस्ट, यूजीसी-इन्फोनेट आणि एन-लिस्ट एकत्र करून ‘ई-शोधसिंधु’ झाला. आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० हून अधिक संस्था, जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक. १ जानेवारी २०२५ पासून ते सुरूही झालं. खात्याखात्यांच्या चुली मोडून एकच स्वयंपाकघर. कारभार बघणार तेच इन्फ्लिबनेट, आयुकाच्या अंगणात वाढलेलं. नारळीकर सर २० मे २०२५ रोजी गेले. त्याच्या जेमतेम साडेचार महिने आधी हे पोर एवढं मोठं झालं.

आकडे ऐकून छाती दडपते, पण योजनेचे शब्द नीट वाचायला हवेत. पहिल्या टप्प्यात आहेत त्या केंद्र आणि राज्य सरकारांनी चालवलेल्या शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. महाराष्ट्रात शिक्षण पसरलं ते सरकारपेक्षा जास्त संस्थांमुळे. भाऊराव पाटलांची रयत घ्या, डेक्कन एज्युकेशन सोसायटी घ्या, गावोगावची शिक्षण मंडळं घ्या. आणि अभियांत्रिकीची कॉलेजं तर बहुतेक खासगीच. पहिल्या टप्प्याच्या यादीत माझ्यासारखं कॉलेज पुन्हा कुंपणाबाहेर आहे. जळगावच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी आत आणि रस्त्यापलीकडच्या खासगी कॉलेजातला बाहेर! खासगी संस्थांना यात आणायचं तर त्यांची वर्गणी किती, ती कोण ठरवणार आणि त्या बैठकीत त्यांच्या वतीने कोण बसणार, हे आत्ताच ठरायला हवं. प्रकाशकांशी झालेले करार डिसेंबर २०२७ मध्ये संपतात, आणि अशा वाटाघाटींना वर्षभर तरी लागतं.