उघड गुन्ह्याचे रहस्य : ‘चायनाटाउन’ आणि पाण्याचा इतिहास

गुप्तहेरकथेची उभारणी दोन गृहीतकांवर झालेली असते. गुन्हा दडलेला असतो, हे पहिले. तो उजेडात आला की विस्कटलेली व्यवस्था सावरते, हे दुसरे. नीनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकाने १९४६ साली ज्या अमेरिकी चित्रपटांना ‘फिल्म न्वार’ हे नाव दिले, त्यांनी दुसऱ्या गृहीतकाला तडा दिला होता. रोमन पोलान्स्की दिग्दर्शित आणि रॉबर्ट टाउन लिखित ‘चायनाटाउन’ (१९७४) या चित्रपटाने ते पूर्णतः मोडीत काढले. पहिले गृहीतक मात्र त्याने जपले. ज्या इतिहासावर हा चित्रपट उभा आहे, त्याची अडचण नेमकी या पहिल्या गृहीतकाशी आहे; कारण त्या इतिहासात दडलेले असे फार थोडे होते.

लॉस एंजेलिस शहराने सुमारे २३३ मैलांवरील ओवेन्स खोऱ्याचे पाणी कसे मिळवले, याची हकीकत प्रसिद्ध आहे. माजी महापौर फ्रेड ईटन यांनी १९०४-०५ मध्ये खोऱ्यात जाऊन जमिनी व पाण्याचे हक्क मिळवले. केंद्र सरकारच्या सिंचन योजनेसाठीच हे व्यवहार चालले आहेत, असा तेथील अनेक शेतकऱ्यांचा समज होता आणि तो कोणी दूर केला नाही. त्या योजनेचे अधिकारी जे. बी. लिपिनकॉट त्याच काळात शहराकडूनही मोबदला घेत होते. इकडे सॅन फर्नांडो खोऱ्यातील स्वस्त कोरडवाहू जमीन एका गटाने आधीच हेरून ठेवली होती. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे मालक हॅरिसन ग्रे ओटिस, रेल्वे-उद्योजक हेन्री हंटिंग्टन व ई. एच. हॅरिमन ही मंडळी त्यात होती. शहराच्या जलमंडळाचे सदस्य मोझेस शर्मनही होते.

हे सारे गुपित किती काळ राहिले? ‘एक्झामिनर’ या प्रतिस्पर्धी दैनिकाने ऑगस्ट १९०५ मध्येच या गटाची नावे छापली. पुढे मतदानाच्या तोंडावर त्या दैनिकानेच आपला विरोध मागे घेतला. मतदारांनी सप्टेंबर १९०५ मध्ये १५ लाख डॉलरचे आणि जून १९०७ मध्ये २ कोटी ३० लाख डॉलरचे कर्जरोखे मोठ्या बहुमताने मंजूर केले. मुख्य अभियंता विल्यम मुलहॉलंड यांनी उभारलेली जलवाहिनी ५ नोव्हेंबर १९१३ रोजी सुरू झाली, आणि १९१५ साली सॅन फर्नांडो खोऱ्याचा बहुतेक भाग शहरात सामील झाला. म्हणजे नफेखोरांची नावे मतदारांना ठाऊक होती, तरीही त्यांनी पाण्याला मत दिले. येथे गुप्तहेराने शोधावे असे काय उरते?

या प्रश्नाला टाउन यांनी तीन स्थानांतरांनी उत्तर दिले. पहिले काळाचे : शतकारंभीची घटना त्यांनी १९३७ सालात, म्हणजे गुप्तहेरकथेच्या स्वतःच्या काळात आणली. दुसरे स्थळाचे : दूरचे ओवेन्स खोरे गाळून पीडित शेतकरी सॅन फर्नांडोच्या बागांमध्येच दाखवले. त्यामुळे खोऱ्यातील मूळ रहिवासी पायूट लोक, १९२४ सालापासून जलवाहिनीला सुरुंग लावणारे शेतकरी आणि कोरडे पडलेले ओवेन्स सरोवर हे सर्व कथेबाहेर गेले. तिसरे स्थानांतर कर्त्याचे. मुलहॉलंड यांचे सेंट फ्रान्सिस धरण १२ मार्च १९२८ रोजी फुटले, चारशेहून अधिक माणसे दगावली आणि त्यांनी दोष स्वतःकडे घेतला. चित्रपटातील हॉलिस मलरे याच्या नावात मुलहॉलंड यांचा प्रतिध्वनी आहे. जुन्या धरणफुटीची टोचणी असल्याने तो नव्या धरणाला नकार देतो आणि मारला जातो. शहराची सारी हाव मात्र नोआ क्रॉस या एकाच व्यक्तीत साठवली गेली आहे. रात्री समुद्रात सोडले जाणारे पाणी आणि वृद्धाश्रमातील अजाण वृद्धांच्या नावे झालेली जमीनखरेदी यांमुळे उघड व्यवहाराचे कारस्थानात रूपांतर होते. १९०५ साली पाणीटंचाई मुद्दाम घडवली गेली, या जुन्या आरोपाला नंतरच्या संशोधनात भक्कम आधार मिळालेला नाही. चित्रपटात मात्र तोच कथेचा कणा आहे.

याहून सूक्ष्म रूपांतर भाषेच्या पातळीवर घडले आहे. मॉरो मेयो यांनी १९३३ सालच्या ‘लॉस एंजेलिस’ या पुस्तकातील एका प्रकरणाच्या शीर्षकातच ओवेन्स खोऱ्यावर ‘बलात्कार’ झाल्याचे म्हटले होते. टाउन यांनी आपले ऋण मान्य केले आहे ते कॅरी मॅकविल्यम्स यांच्या १९४६ सालच्या ग्रंथाचे. तथापि हे रूपक त्या परंपरेत रुळलेले होते. चित्रपटात ते अक्षरशः घडते : क्रॉसने स्वतःच्या मुलीवर, इव्हलिनवर, केलेला अत्याचार हेच कथेचे अंतिम रहस्य ठरते. भूमी व भविष्य यांवर मालकी सांगणारी सत्ता आपल्या अपत्यावरही तीच मालकी सांगते, असा अन्वयार्थ यातून लागतो आणि तो प्रभावी आहे. पण त्याची किंमतही आहे. सार्वजनिक अन्यायाचे खाजगी पापात रूपांतर झाले की दोष एका विकृत पुरुषाच्या माथी जातो, आणि कर्जरोख्यांना मत देणारा नागरिक सुटतो.

तरीही चित्रपटाला केवळ इतिहासाचा विपर्यास म्हणता येत नाही. कारण त्याचा खरा विषय जाणण्याची मर्यादा हा आहे. गुप्तहेर गिटिस छायाचित्रे घेतो आणि त्यांचा चुकीचा अर्थ लावतो. चिनी माळी तळ्यातील पाणी गवताला वाईट असल्याचे सांगतो. त्याच्या उच्चारात ‘ग्रास’चे ‘ग्लास’ होते, गिटिस त्याचीच नक्कल करून पुढे जातो आणि खाऱ्या पाण्याचा पुरावा हातचा सोडतो. अखेरीस सत्य कळते तेव्हा त्याच्याच हालचालींमुळे इव्हलिन पोलिसांच्या गोळीला बळी पडते, आणि क्रॉस दुसऱ्या मुलीला घेऊन जातो. टाउन यांच्या मूळ संहितेत इव्हलिन क्रॉसला ठार करत होती. हा शेवट पोलान्स्की यांनी बदलला. ‘द मॉल्टीज फाल्कन’ (१९४१) दिग्दर्शित करून या चित्रप्रकाराचा पाया घालणाऱ्या जॉन ह्यूस्टन यांनीच क्रॉसची भूमिका करावी, हेही अर्थपूर्ण आहे. चित्रपट जून १९७४ मध्ये प्रदर्शित झाला आणि सुमारे सात आठवड्यांनी निक्सन यांनी राजीनामा दिला. सत्य उघड झाले की सत्ता कोसळते, असा दिलासा त्या उन्हाळ्यात वॉटरगेटने दिला. ‘चायनाटाउन’ने तो नाकारला. १९०५ सालच्या ‘एक्झामिनर’चा अनुभव चित्रपटाच्या बाजूने साक्ष देतो.

शीर्षकाकडेही याच संदर्भात पाहावे लागते. चायनाटाउनमध्ये शक्य तितके कमी करावे, कारण तेथे काय चालले आहे हे कळत नाही, ही टाउन यांनी एका पोलिसाकडून ऐकलेली धारणा चित्रपटाचे प्रतीक बनली. वास्तवात १८७१ साली या शहरातील जमावाने किमान १८ चिनी रहिवाशांना ठार केले होते. कथा जेथे घडते त्या १९३० नंतरच्या दशकात जुने चायनाटाउन युनियन स्टेशनसाठी पाडले जात होते; नवे उभे राहिले १९३८ साली. म्हणजे अगम्यतेचे प्रतीक म्हणून निवडलेली वस्तीच शहराच्या वाढीची एक बळी होती, आणि तेथे काय चालले होते हे कळणे मुळीच अवघड नव्हते. ओवेन्स खोऱ्याप्रमाणे तिचाही इतिहास चित्रपटाबाहेर राहिला. न कळणे आणि पाहायचे न ठरवणे यांतील अंतर ‘चायनाटाउन’ दाखवत नाही. पण त्याच्यामागील इतिहास मात्र ते प्रत्येक वळणावर दाखवतो. म्हणून हा चित्रपट इतिहासाच्या जागी नव्हे, त्याच्या शेजारी ठेवून वाचला पाहिजे.