दोन गाड्यांमधली मेख

सध्याचं पोस्टिंग जबलपूर. या शहराचं नाव काढलं की बहुतेकांना भेडाघाट आणि नर्मदा आठवते. तोफखान्यातल्या माणसाला मात्र आधी आठवते ती इथली गन कॅरेज फॅक्टरी. इंग्रजांनी १९०४ मध्ये ती काढली, तीही तोफा ओतायला नाही, तर तोफांचे गाडे बनवायला. स्वातंत्र्यानंतर याच गावात शक्तिमान ट्रक आणि जोंगा तयार झाल्या. जोंगाच्या तर नावातच जबलपूर दडलेलं आहे. थोडक्यात, ओढली जाणारी तोफ आणि तिला ओढणारी गाडी, दोघींचंही माहेर एकच.

आज लिहायचंय ते या दोघींच्या मधल्या जोडाबद्दल. ट्रकच्या मागे एक हुक असतो. तोफेच्या शेपटीला लोखंडी कडी असते. कडी हुकात बसली की वरून झडप पडते, झडपेच्या भोकातून पिन जाते आणि ती पिन हरवू नये म्हणून तिला बारीक साखळी असते. बोफोर्ससारखी सुमारे १२ टनांची तोफ घाटातल्या वळणांवर या एवढ्याशा सामानाच्या भरवशावर चालते.

या जोडाकडून आपण तीन गोष्टी मागतो. रस्त्यात तो कधीही सुटू नये. हुकूम मिळताच काही सेकंदांत सुटावा. आणि आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला तो सोडता येऊ नये. खरी मेख इथेच आहे, कारण या तिन्ही मागण्या एकमेकींच्या आड येतात.

अडचण जुनीच आहे. आपल्याकडे लोककथेत दशरथाच्या रथाची खीळ ऐन युद्धात निसटते आणि कैकेयी तिथे आपलं बोट घालून रथ सावरते. पुढचं रामायण घडलं ते त्या वेळी मिळालेल्या दोन वरांमुळे. ग्रीकांच्या पुराणातही अशीच एक खीळ आहे. तिथे ओइनोमाउस राजाचा सारथी मिर्टिलस फितूर होतो आणि चाकातली काशाची खीळ काढून मेणाची बसवतो. दिसायला सगळं जागच्या जागी. शर्यत रंगात येते, मेण वितळतं, चाक निखळतं आणि राजा जिवाला मुकतो. एक खीळ धक्क्याने गेली, दुसरी माणसाच्या हाताने. जोडाचे शत्रू आजही हेच दोन आहेत, रस्ता आणि हात. दोघांवरचा इलाज मात्र एक नाही.

आधी रस्ता. घोड्यांच्या काळात तोफेच्या पुढे एक दुचाकी गाडा असे. आम्ही त्याला लिंबर म्हणतो. जुन्या लिंबरवर उभा खुंटा असायचा. तोफेची जड शेपटी उचलायची आणि तिचं भोक त्या खुंट्यावर बसवायचं. जोड भक्कम, पण माणसांचा दम काढणारा. १७९० च्या दशकात इंग्रजांनी तोफेच्या गाड्याला दोन तुळयांऐवजी एकच तुळई दिली, तिच्या टोकाला कडी लावली आणि लिंबरला हुक. जोडणं-सोडणं झटपट झालं, वळणंही कमी जागेत घेता येऊ लागली. वेलिंग्टनच्या तोफखान्याचा चपळपणा बघून पुढे फ्रेंचांनीही ही रचना उचलली.

झटपट म्हणजे किती, याचं उत्तर रणांगणावर मिळतं. दक्षिण आफ्रिकेत कोलेन्सोला १५ डिसेंबर १८९९ रोजी इंग्रजांच्या १२ तोफा उघड्या मैदानात फार पुढे गेल्या आणि बोअरांच्या माऱ्यात अडकल्या. त्या परत आणायच्या तर लिंबर घेऊन दौडत जायचं, गोळीबारात कडी हुकात अडकवायची आणि माघारी फिरायचं. फील्ड मार्शल रॉबर्ट्स यांचा एकुलता एक मुलगा या प्रयत्नात जबर जखमी होऊन मेला. परत आल्या फक्त २ तोफा. ज्या जोडाला मिनिटभर लागतं, तो अशा ठिकाणी कुचकामीच.

रस्त्याच्या शत्रूवरचे सगळ्यात मोठे धडे मात्र तोफखान्याने नाही, रेल्वेने दिले. अमेरिकेत डबे कडी आणि पिनेने जोडत. दोन डबे जवळ येत असताना मधे उभं राहून पिन हाताने टाकायची. कित्येक ब्रेकमनांनी त्यात बोटं, हात आणि जीव गमावले. इलाय जॅनी नावाच्या एका माजी सैनिकाने, जो यादवी युद्धात दक्षिणेकडून लढला होता, १८७३ मध्ये नव्या कपलरचं पेटंट घेतलं. दोन्ही हातांची वाकवलेली बोटं एकमेकांत अडकावीत तसा तो आपोआप अडके. तरी आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे व्हायला १८९३ चा कायदा यावा लागला.

दुसरा धडा आयर्लंडमधल्या आर्माचा. १२ जून १८८९ रोजी सहलीला निघालेल्या मुलांनी भरलेली एक गाडी चढावर अडकली. गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी न्यायचं ठरलं. ब्रेकची नळी सोडताच मागच्या डब्यांचा ब्रेक गेला, कारण तो इंजिनाच्या जोरावरच चालायचा. राहिला शेवटच्या डब्यातला एक हातब्रेक आणि चाकांमागे लावलेले दगड. पुढचा भाग निघताना जरासा मागे सरकला, धक्का बसला आणि मागचे डबे उताराने सुटले. ते खालून येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसं मेली, त्यांत मुलं पुष्कळ. त्याच वर्षी कायदा झाला. जोड तुटला की ब्रेक सुटता कामा नये, उलट आपोआप लागला पाहिजे. आज ब्रेक असलेल्या ट्रेलरला जी बारीक तार असते, ट्रेलर निसटला की ओढली जाऊन त्याचे ब्रेक लावणारी, तिचं मूळ याच विचारात आहे.

आर्माची आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. बिनतिकिटाचं कुणी चढू नये म्हणून डब्यांच्या दारांना कुलपं घातली होती. डबे मागे धावू लागले तेव्हा आतल्यांना दार उघडता आलं नाही. म्हणजे हात अडवायला लावलेलं कुलूप, रस्त्याने घात केल्यावर फास ठरलं. कुठल्याही जोडाला कुलूप घालण्याआधी मी हे आठवतो.

आता हात. मराठी माणसाला याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला वेलस्लीच्या पायदळाने शिंद्यांच्या तोफांची रांग ओलांडली आणि ते पुढे गेलं. तोफेजवळ पडलेले काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडले होते. इंग्रज पुढे सरकताच ते उठले, तोफा वळवल्या आणि मागून मारा सुरू केला. तोफेच्या कानात मेख ठोकली असती तर ती तोफ उडाली नसती. पाठ फिरवताना जी वस्तू आपली होती, ती पुन्हा वळून पाहीपर्यंत आपली राहतेच असं नाही.

मिर्टिलसचा मेणाचा डाव विसाव्या शतकातही खेळला गेला. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये माँतोबाँच्या परिसरात, जर्मन रणगाडे वाहून नेणाऱ्या रेल्वे वॅगनच्या आसांमधलं तेल काढून तिथल्या भूमिगतांनी घासून झिजवणारं वंगण भरलं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. ‘दास राइश’ डिव्हिजनला नॉर्मंडीकडे निघायचं होतं, तेव्हा रणगाडे रस्त्याने न्यावे लागले आणि मोलाचे दिवस वाटेत गेले.

या सगळ्याचा आजच्या हुकाशी संबंध काय? जोड सुरक्षित करायचा तर दोन्ही शत्रूंचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.

रस्त्यासाठी पिन मापाची हवी. बारीक पिन भोकात नाचते आणि झिजते. सुरक्षेच्या साखळ्या हुकाला नाही, गाडीच्या चासीला बांधायच्या, नाहीतर हुक उखडला की त्याही सोबत जातात. दोन साखळ्या खालून एकमेकींवरून तिरक्या न्यायच्या, म्हणजे जोड सुटला तरी ट्रेलरची दांडी रस्त्यात न रुतता त्या झोळीत पडते. ब्रेकची तारही हुकाला नाही, गाडीलाच.

हातासाठी कुलूप हवं, पण कुलपाने ओझं घ्यायचं नाही. ओझं पिनेने घ्यायचं, कुलपाने फक्त पिन राखायची. किल्ली त्या गाडीच्या चालकाकडे, मागच्या गाडीतल्या साहेबांच्या खिशात नाही. नटावरून बोल्टापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. कुणी नट फिरवला की रेघ मोडलेली दिसते.

आणि कुलूप कितीही चांगलं असलं तरी पाहणी टळत नाही. सैन्यात गाडीची तपासणी तीनदा होते. निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेतल्या थांब्यावर हॉल्ट परेड, पोहोचल्यावर लास्ट परेड. नव्या जवानाला मधली परेड कटकट वाटते. दहा मिनिटांपूर्वी तर सगळं ठीक होतं, असं तो म्हणतो. त्या दहा मिनिटांत तो चहाच्या टपरीवर होता आणि तोफ रस्त्यावर एकटी होती. म्हणून तोफेचा नंबर वन नुसतं बघत नाही. तो पिन बोटांनी फिरवतो, झडप उचलून बघतो, साखळीला हिसका देतो. मेणाची खीळ डोळ्यांना फसवते, हाताला फसवणं कठीण.

सुट्टीवर येताना साखरपट्ट्यात उसाचे ट्रॅक्टर दिसतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि काही ठिकाणी जोडात पिनेऐवजी वाकवलेल्या सळईचा तुकडा. चढावर त्यांच्या मागे मोटारसायकलवर नवरा, बायको आणि मधे मूल. त्या सळईला ना साखळी, ना कुलूप, ना तपासणारा नंबर वन. मापाची पिन आणि दोन साखळ्या यांना खर्च फारसा येत नाही. तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल तर आज संध्याकाळी मागे जाऊन त्या पिनेला एकदा हात लावा.