कोल्ड एअर इनटेक

मोटारीच्या इंजिनाला बोनेटखालच्या तापलेल्या हवेऐवजी बाहेरची गार हवा मिळावी, म्हणून कंपनीचा एअरबॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरचा मूळ डबा, काढून त्या जागी बसवला जाणारा जोड. अॅल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची रुंद नळी, सिलिकॉनचे जोडतुकडे, शंकूच्या आकाराचा धुता येणारा फिल्टर आणि बऱ्यापैकी किट असेल तर उष्णता अडवणारा पत्रा, एवढे त्याचे भाग. पुण्याच्या टापूत या जोडाला हौशी गिऱ्हाईक भरपूर आहे. टाटांची इंडिका १९९८ मध्ये पिंपरीतून बाहेर पडली, २००९ पासून चाकणला फोक्सवॅगनची पोलो तयार होऊ लागली आणि रांजणगावला फियाटची पुंटो. यांपैकी पोलो, विशेषतः तिची टर्बो पेट्रोल आवृत्ती, २०२२ मध्ये उत्पादन थांबल्यानंतरही हौशी मंडळींची लाडकी राहिली आहे. पुण्यातल्या विश्रांतवाडीहून आळंदीमार्गे चाकण गाठता येते; कारखान्यात एअरबॉक्स बसवणारे आणि घरी येऊन तो काढणारे एकाच वस्तीत सापडले तर नवल वाटायला नको.

तत्त्व साधे आहे. समुद्रसपाटीच्या दाबाला २५ अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा सुमारे १.१८ किलो भरते, ६० अंशांची १.०६ किलो. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या सुमारे १४.७ पट वजनाची हवा लागते, म्हणून हवा जितकी दाट तितके जास्त पेट्रोल जाळता येते. तापमान १० अंशांनी उतरले की हवा जेमतेम ३ टक्के दाट होते. शक्तीतली वाढ त्याहून थोडी कमीच, कारण हवा सिलिंडरपर्यंत पोचताना वाटेत पुन्हा तापते. ८५ अश्वशक्तीच्या गाडीत हा हिशोब दीड-दोन अश्वशक्तीवर येतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा मुळातच सहाएक टक्के विरळ आहे. म्हणजे घाट चढून वर येताना साध्या, बिनटर्बो गाडीने जे गमावले, त्याचा निम्मा भागही हा जोड भरून देत नाही. टर्बो गाडीचे गणित थोडे वेगळे असते. तिथे हवा दाबली जाताना तापते आणि तिला गार करायला इंटरकूलर असतोच. इनटेकचा फायदा टर्बोला श्वास घ्यायला कमी अडथळा होण्यात असतो आणि रिमॅप केलेल्या गाडीत तो जास्त जाणवतो.

हा सगळा फायदा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाचा. अर्धवट दाबलेला असताना किती हवा आत जाईल हे थ्रॉटलची झडप ठरवते, नळी नव्हे. विमानतळाकडून, धानोरीकडून आणि आळंदीकडून येणारे रस्ते विश्रांतवाडीच्या चौकात एकत्र होतात. संध्याकाळी तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीला कोल्ड एअर इनटेक असून नसून सारखाच. मे महिन्यात अशा कोंडीत बोनेटखालचे तापमान ६० अंशांपलीकडे सहज जाते. फिल्टर तिथेच उघडा लटकत असेल तर इंजिन कंपनीच्या एअरबॉक्सपेक्षाही गरम हवा ओढते. हे लक्षात न येण्याचे कारण आवाज. कंपनीच्या डब्याला आवाज मुरवणारी पोकळी जोडलेली असते. ती गेली की रेस देताच एक खोल हुंकार ऐकू येतो आणि चालवणाऱ्याला पिकअप वाढल्यासारखा वाटतो. स्पष्टच सांगायचे तर बहुतेक गिऱ्हाईक याच हुंकाराचे पैसे मोजते.

बाजारात तीन गोष्टी मिळतात. ड्रॉप-इन फिल्टर म्हणजे कंपनीच्याच डब्यात बसणारा, तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या केअँडएन कंपनीने हा प्रकार जगभर नेला. शॉर्ट रॅममध्ये फिल्टर आखूड नळीच्या टोकाला बोनेटखालीच राहतो. तिसरा खराखुरा कोल्ड एअर इनटेक: त्याची लांब नळी फिल्टरला बंपरच्या मागे किंवा पुढच्या चाकाच्या मडगार्डमध्ये नेते. बऱ्याच आधुनिक छोट्या गाड्यांत कंपनीची नळी ग्रिलच्या मागूनच, म्हणजे बाहेरचीच हवा घेते, ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही.

बसवणे अवघड नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावर बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडतात. एअरबॉक्सचे बोल्ट बहुधा दहाच्या पान्याने निघतात. सेन्सरचा कनेक्टर वायर ओढून काढायचा नसतो. खटका दाबून सरळ बाहेर घ्यायचा असतो. खरी काळजी डबा निघाल्यानंतर. थ्रॉटलचे तोंड आता उघडे असते आणि एखादा वॉशर आत गेला तर तो थेट व्हॉल्व्हपर्यंत जाऊ शकतो. म्हणून जाणता मेकॅनिक आधी तिथे स्वच्छ फडके कोंबतो, आणि त्याचे एक टोक मुद्दाम बाहेर लोंबते ठेवतो, म्हणजे जोडणीच्या घाईत ते आतच राहणार नाही. इंजिनातून येणारी ब्रीदरची नळी नव्या पाइपला जोडायलाच हवी. ती मोकळी सोडणे किंवा बोळा घालून बंद करणे दोन्ही चूक. क्लॅम्प आधी ढिले ठेवून पाइप कुठे घासत नाही हे पाहतात, बोनेट लावून बघतात आणि मगच आवळतात. जास्त आवळले तर पट्टी सिलिकॉनमध्ये रुतते. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासणे गरजेचे, कारण तापण्या-निवण्याने जोड सैल पडतात.

यानंतर तक्रार आली तर तिचे मूळ बहुधा सेन्सरमध्ये असते. एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत त्याची मोजणी नळीच्या व्यासाशी बांधलेली असते. नळी रुंद केली की तेवढीच हवा संथ वाहते, सेन्सर ती कमी मोजतो, पेट्रोल कमी पडते. सेन्सरच्या पुढचा एखादा जोड हवा ओढत असेल तरी परिणाम तोच: आयडलिंग वर-खाली होते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०१७१ हा कोड दिसतो. हवेचा प्रवाह नव्हे तर दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाड्या या बाबतीत सोशिक असतात. कोड पुसून गाडी परत देणारे गॅरेज टाळावे. गळती तशीच राहिली तर दिवा आठवड्याभरात पुन्हा लागतो.

पुण्यात या जोडाचा खरा शत्रू पावसाळा. टिंगरेनगर आणि धानोरीच्या बाजूला जोराच्या सरीनंतर रस्त्यावर पाणी साचते. अशा वेळी बंपरमागे खाली नेलेला फिल्टर पुढच्या चाकाच्या फवाऱ्यात येतो. फिल्टर नुसता ओला झाल्याने इंजिन लगेच जात नाही. फिल्टर पाण्यात बुडाला तर मात्र इंजिन हवेऐवजी पाणी ओढते. १२०० सीसीचे इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ३००० लिटर हवा घेते. त्या ओढीपुढे फिल्टरची जाळी पाणी अडवू शकत नाही. पाणी दाबले जात नसल्यामुळे वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करण्याचा मोह इथे फार महाग पडतो. प्लग काढून सिलिंडरमधले पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवायचेच नसते. साध्या विमा पॉलिसीत असे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कवच घ्यावे लागते, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दिसला तर दावा आणखी अडखळतो. विश्रांतवाडीत राहून कोणी बसवणारच असेल, तर त्याने जून ते सप्टेंबर मूळ डबा परत लावावा, नाहीतर शॉर्ट रॅम घेऊन त्याच्याभोवती नीट पडदा करावा.

उरलेले आठ महिने धुळीचे. सुती फिल्टर कागदी फिल्टरपेक्षा हवा मोकळी सोडतो, पण बारीक धूळ अडवण्यात तो बहुधा मागे पडतो. बांधकामे आणि खोदलेले रस्ते सगळीकडे असताना हा सौदा विचार करून करावा. धुऊन, सावलीत पूर्ण सुकवून मगच तेल लावायचे असते, तेही बेताने. जास्तीचे तेल एअर फ्लो सेन्सरच्या तारेवर जाऊन बसते.

कायद्याची बाजू अनेकांना सायलेन्सरपुरतीच ठाऊक असते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनात बदल करण्यावर बंधने घालते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळा होईल असा बदल चालणार नाही, असे ठरवले. इनटेकचा उल्लेख नोंदणीपुस्तकात नसतो, म्हणून तो या निकालाच्या थेट कचाट्यात येत नाही असा युक्तिवाद करता येतो. पण गाडीला मिळालेली प्रदूषणविषयक मान्यता मूळ एअरबॉक्ससह मिळालेली असते. पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी उभ्या गाडीवर होत असल्यामुळे नीट बसवलेला इनटेक तिथे बहुधा अडत नाही, पण त्याने तो कायदेशीर ठरत नाही. वॉरंटीतल्या गाडीत इंजिनाशी संबंधित काम नाकारायला सर्व्हिस सेंटरला हा जोड पुरेसे निमित्त देतो. काढलेला एअरबॉक्स, त्याचे रबरी बूश आणि बोल्ट एका पिशवीत जपून ठेवावेत. जुनी गाडी घेणारा तो डबा मागतोच, आणि नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत त्याच गाडीचा, त्याच वर्षाचा डबा मिळेलच याची खात्री नसते.