दोन शब्दांची सोयरीक

मृग कोरडा गेला की पारावर एकच वाक्य ऐकू येतं : ‘यंदा पावसाची काही शाश्वती नाही.’ ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी टिकतं, त्याच्याकडे ‘शाश्वत पाणी’ आहे असं म्हणतात. अविनाशी आत्म्याला लावलं जाणारं हे जुनं विशेषण मराठी शेतकऱ्यानं केव्हाच आपल्या बांधावर आणून ठेवलं आहे. त्याच्या तोंडी शाश्वत म्हणजे अनंत नव्हे. पुढच्या वर्षीही असेल, भरवसा ठेवावा, असं. म्हणूनच हिंदीतल्या ‘सतत विकास’पेक्षा मराठीतला ‘शाश्वत विकास’ मला अधिक नेमका वाटतो. सतत चालणारी गोष्ट वाईटही असू शकते. शाश्वती मात्र कुणीतरी कुणाला तरी द्यावी लागते.

दुसरा शब्द ‘विश्वनागरिक’. २५ सप्टेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टं स्वीकारली. त्यातलं चौथं शिक्षणाचं, आणि त्याच्या पोटातल्या ४.७ या लक्ष्यात हे दोन्ही शब्द एकत्र नांदायला आले : २०३० पर्यंत प्रत्येक शिकणाऱ्याला शाश्वत विकासासाठी लागणारं ज्ञान आणि कौशल्य मिळावं, आणि त्यासाठीच्या शिक्षणात मानवी हक्क, स्त्री-पुरुष समता, शांतता यांच्याबरोबर जागतिक नागरिकत्वही असावं. वाचताना वाटतं, हे शब्द जन्मापासून जोडीचेच असतील. पण त्यांची कुळं अगदी वेगळी आहेत. एक शब्द घडवला गाव सुटलेल्या माणसांनी, दुसरा एकाच मुलखाला बांधलेल्या माणसानं.

आधी गाव सुटलेल्यांचं कूळ. काळ्या समुद्राकाठचं सिनोपे हे आज तुर्कस्तानात असलेलं गाव. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात तिथल्या डायोजिनीसला नाण्यांत खोट केल्याच्या प्रकरणात गाव सोडावं लागलं. पुढे त्याला कुणी विचारलं, तू कुठला? तो म्हणाला, ‘कॉस्मोपोलितेस’. विश्वाचा नागरिक. ग्रीक माणसाची ओळख त्याच्या नगरावरून ठरे. नगर नाही तर हक्क नाही, मत नाही, रणात शेजारी उभं राहणारा सोबती नाही. आपल्या ‘नागरिक’ शब्दातही ‘नगर’ आहेच. अशा काळात नगर गमावलेल्या माणसानं दिलेलं हे उत्तर आहे. त्यात जितका अभिमान आहे तितकीच वेदनाही असणार, असं मला वाटत आलं आहे.

शाळेपर्यंत हा शब्द आला तोही एका निर्वासिताच्या हातानं. १५९२ मध्ये मोराव्हियात जन्मलेला यान आमोस कोमेनियस हा धर्मोपदेशक तीस वर्षं चाललेल्या धर्मयुद्धात देशोधडीला लागला. १६२८ मध्ये तो पोलंडातल्या लेश्नो गावी आला. १६५६ मध्ये ते गावही जाळलं गेलं, आणि त्याची हस्तलिखितं त्यात खाक झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६५८ मध्ये, न्यूरेंबर्गला त्याचं ‘ऑर्बिस पिक्टस’ छापून आलं. नावाचा अर्थच ‘चित्रातलं जग’. पानावर चित्र आणि खाली त्याच वस्तूंची नावं दोन भाषांत, लॅटिन आणि जर्मन. आज बालवाडीतल्या ज्या पुस्तकात आंबा, घर, नदी ही चित्रं आपण मुलांना दाखवतो, त्याचा हा मूळपुरुष. सगळ्यांना, सगळं, मुलगे आणि मुली दोघांनाही शिकवावं, आणि राष्ट्रांनी एकत्र बसून ज्ञानाचा विचार करावा, असं तो आयुष्यभर लिहीत राहिला. ज्याची वही लोकांनी जाळली त्यानं लोकांच्या मुलांसाठी जगाचं पुस्तक काढावं, याहून मोठा धडा मला त्याच्या पुस्तकात सापडत नाही.

मग तीन शतकांची उडी घेऊ. २५ मे १९४८ रोजी गॅरी डेव्हिस हा माजी अमेरिकन बॉम्बर वैमानिक पॅरिसमधल्या आपल्या दूतावासात गेला आणि त्यानं नागरिकत्वाचा त्याग केला. त्याचा भाऊ युद्धात मारला गेला होता आणि त्यानं स्वतः जर्मन शहरांवर बॉम्ब टाकले होते. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांची आमसभा पॅरिसमध्ये शायो प्रासादात भरली होती. डेव्हिस तिथल्या पायऱ्यांवर पथारी टाकून राहिला, आणि नोव्हेंबरमध्ये सभेत उठून जागतिक सरकारची मागणी करू लागला. त्याला बाहेर काढलं. तीन आठवड्यांनी, १० डिसेंबरला, त्याच प्रासादात मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या पंधराव्या कलमात म्हटलं आहे की प्रत्येक माणसाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे. या दोन घटना मी शेजारी ठेवून पाहतो. विश्वनागरिकत्व हवं, पण त्यापायी पायाखालची जमीन जाता कामा नये, हे जगाला तेव्हाच उमगलं होतं.

यानंतरचा कागदोपत्री प्रवास पटकन सांगता येईल. १९५३ मध्ये युनेस्कोनं १५ देशांतल्या ३३ शाळा जोडून घेतल्या. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय सामंजस्याच्या शिक्षणाची शिफारस केली. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी शिक्षणाच्या मोहिमेत जागतिक नागरिकत्वाला तिसरा अग्रक्रम दिला.

आता दुसरं कूळ, आणि ते जंगलातलं आहे. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात फ्रायबर्ग इथे चांदीच्या खाणी होत्या. बोगद्यांना टेकू लाकडाचे, धातू वितळवायला कोळसा लाकडाचा. पिढ्यान्‌पिढ्या तोड झाली आणि चांदी जमिनीत असूनही ती काढायला झाडं पुरेनात. खाणींचा प्रमुख अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यानं १७१३ मध्ये वृक्षलागवडीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. जितकं वाढतं तितकंच तोडा, तोडलं तिथं लावा, हे त्याचं सांगणं. आणि अशा वापराला त्यानं ‘नाखहाल्टेंड’ हे विशेषण लावलं. पुढेही पुरत राहील असा वापर. आपल्याकडे आजी ज्याला ‘पुरवून खाणं’ म्हणते, तेच. ‘सस्टेनेबल’ची कुळी सांगताना जग याच पानापाशी येऊन थांबतं. पुढच्याच वर्षी कार्लोविट्झ वारला.

हा विचार आपल्याकडे आला तो जर्मन माणसाबरोबरच. बॉनचे डीट्रिख ब्रांडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झाले. झाडं मोजायची, वाढ मोजायची, तेवढीच तोड करायची, ही पद्धत त्यांनी बसवली. गावांना त्यांची स्वतःची जंगलं असावीत असंही त्यांचं मत होतं, हे न्यायानं सांगायला हवं. पण सरकारात ते मत हरलं आणि १८७८ च्या वनकायद्यानं ‘राखीव जंगल’ या शब्दाला आपल्या डोंगरांत वेगळाच अर्थ दिला. रेल्वेच्या स्लीपरांसाठी सागवान राखलं गेलं, ते गावकऱ्यापासून.

त्याची खणखणीत नोंद मराठीत झाली आहे. १८८३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिलं. डोंगर, दऱ्या, गायरानं सगळी जंगलखात्यात ओढली गेली आणि गरिबाच्या शेळ्यांना चरायला जागा उरली नाही, हे त्यांनी तिथं रोखठोक मांडलं. शाश्वत वापराचं शास्त्र वाचलेलं सरकार एका बाजूला आणि कुंपणाबाहेर उभा शेतकरी दुसऱ्या बाजूला. फुल्यांच्या त्या मजकुरात मला या सोयरिकीची गरज लख्ख दिसते. ज्या जंगलात माणसाला नागरिक म्हणून बोलता येत नाही, तिथं शाश्वतता म्हणजे फक्त पहारा. आणि ज्या नागरिकत्वाला राखायला झाड नाही, पाणी नाही, ते डेव्हिसच्या पथारीसारखं उघड्यावर राहतं.

१९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगानं शाश्वत विकासाची आज सर्वत्र दिली जाणारी व्याख्या केली, तेव्हा पुढच्या पिढ्यांच्या गरजा हा तिचा गाभा ठरला. पुढे रिओची परिषद, २००५ ते २०१४ हे शाश्वत विकासासाठीच्या शिक्षणाचं दशक, आणि मग ४.७. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शिक्षणात आणायला सांगितलं. पदवीच्या वर्गांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं जे पाठ्यपुस्तक काढलं, ते पुण्याचे डॉ. एरक भरुचा यांनी लिहिलेलं. पुस्तक चांगलं आहे. पण महाराष्ट्रात या विषयाच्या कितीतरी प्रकल्पवह्या त्या द्यायच्या आदल्या आठवड्यात उतरवून काढल्या जातात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे, आणि याचं मला मनापासून दुःख होतं.

हे दोन शब्द एकत्र नांदू शकतात हे पेणजवळच्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी २०१५ च्या फार आधी चालून दाखवलं. १९५१ पासून ते जमीन मागत पायी फिरत होते. १९५७ मध्ये कर्नाटकात असताना ते ‘जय जगत्‌’ म्हणू लागले. मागणी एका गावाच्या जमिनीची, आणि जयघोष जगाचा. घर नसलेला पदयात्री आणि मातीचा हिशेब, दोन्ही कुळं त्या एका माणसात भेटली होती.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव त्याच वाटेवर पुढे गेलं. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं गावानं ‘अभ्यास गट’ चालवले : कायदा वाचायचा, जंगल समजून घ्यायचं, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसहमतीनं. आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत आहे. विश्वनागरिक हा शब्द तिथं कुणी उच्चारलाही नसेल. पण हक्क, जबाबदारी आणि पुढच्या पिढीचं झाड एकाच बैठकीत शिकवणारी याहून चांगली शाळा मी पाहिलेली नाही.

४.७ ची प्रगती मोजताना चार गोष्टी पाहतात : देशाचं शिक्षण धोरण, अभ्यासक्रम, शिक्षकांचं प्रशिक्षण, विद्यार्थ्यांचं मूल्यमापन. ग्रामसभेच्या अभ्यास गटासाठी त्यात रकाना नाही. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०१३ मध्ये गावानं आपली शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे केली.