कालव्याकाठचा तेलमाड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी खराडीत राहतो. इथल्या नव्या सोसायट्यांच्या फाटकांशी शोभेचे पाम ओळीने उभे असतात. पाहुणे विचारतात, ‘पामतेल यांचंच का हो?’ नाही. ते तेल देणारा तेलमाड वेगळा. तो मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. १८४८ साली त्याची चार रोपं जावा बेटावरच्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली गेली आणि आग्नेय आशियातले पहिले मळे त्यांच्याच वंशातून वाढले.

पण श्रोतेहो, हे झाड पुण्यालाही परकं नाही. १९४६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी ही संस्था सुरू झाली. १९४७ ते १९५९ या काळात या संस्थेने पुणे परिसरात कालव्यांचे बांध, परसबागा आणि थोडीफार वनजमीन इथे आफ्रिकी तेलमाड लावले. केरळातली मोठी लागवड १९७१ पासूनची. म्हणजे पुण्याचा प्रयोग दोन तपं आधीचा!

कालव्याकाठची जागा मला विचारपूर्वक निवडलेली वाटते. वाढलेल्या झाडाला उन्हाळ्यात रोज दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. मात्र लावलेला प्रकार होता ‘ड्यूरा’. त्याच्या बीचं कवच जाड, गर कमी, म्हणून तेलही कमी. पुढे जगभर पसरला तो पातळ कवचाचा ‘टेनेरा’ हा संकर. शिवाय घड उतरवल्यावर चोवीस तासांच्या आत त्याचं तेल काढावं लागतं, नाही तर त्यातली आम्लता वाढते. बांधावरच्या विखुरलेल्या झाडांसाठी घाणा कोण उभारणार?

पुढे १९८०च्या दशकात आपण रेशनच्या रांगेत उभं राहून परदेशी पामतेल घेतलं. थंडीत गोठणारं ते तेल अनेकांना आठवत असेल. आजही देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. २०२१ साली केंद्र सरकारने तेलमाडासाठी ११,०४० कोटी रुपयांचं अभियान जाहीर केलं. त्यात शेतकऱ्याला भावाची हमी आहे, हे चांगलंच.

खडकवासल्याच्या पाण्यावर आज शहराचाही हक्क आहे आणि दौंड-इंदापूरच्या शेतीचाही. तिथे हे तहानलेलं झाड पुन्हा आणा, असं मी म्हणणार नाही. पण जिथे ते लावायचं, तिथे रोपाआधी पाणी आणि घाणा यांचा हिशेब मांडावा. पुण्याच्या कालव्याकाठच्या झाडांकडून मी तरी एवढंच शिकलो.